मामंजींचं बिऱ्हाड हलतं

...नाही, पण मी म्हणतो, खुर्ची 'जरा' बाजूला घे म्हणजे किती बाजूला? वीतभर? हातभर? जरा या शब्दाला काही माप आहे की नाही? तुम्हाला सांगतो, माझी खुर्ची जी जरा बाजूला झाली ती हॉलच्या कोपऱ्यातून निघाली, पॅसेजमध्ये आली, तिथे येणाऱ्याजाणाऱ्याच्या नडग्यांना लागते म्हणून बाल्कनीत गेली, बाल्कनीत ओले कपडे तिच्यावर टेकतात म्हणून पुन्हा आत आली, आणि आता कुठे आहे ते मी शेवटी सांगणार, कारण आत्ता सांगितलं तर तुम्हाला माझी दया येईल, आणि एवढ्या लवकर मला दया नकोय.

मुळात त्या कोपऱ्याचं महत्त्व तुम्हाला कळायला माझी नोकरी कळली पाहिजे. मी एका लिफ्टच्या कंपनीत आहे. म्हणजे लिफ्ट बसवत नाही, दुरुस्त करत नाही, मी फोनवर असतो. लिफ्टमध्ये अडकलेला माणूस आतलं बटण दाबतो आणि त्याला माझा आवाज येतो. "घाबरू नका, माणूस निघालाय." दिवसभर हेच. माणूस बहुधा निघालेला नसतो, तो चहा पीत असतो, पण आतल्याला ते सांगून काय उपयोग? तर असं दिवसभर बंद डब्यातल्या लोकांना धीर देऊन माणूस घरी येतो, तेव्हा त्याला काय लागतं? एक खुर्ची. एक खिडकी. खिडकीतून समोरच्या इमारतीचा जिना दिसतो, जिन्यावरून माणसं चालत जाताना दिसतात, कुणी अडकत नाही, कुणी बटण दाबत नाही. एवढंच माझं सुख होतं. त्यावर कुणाचा डोळा? माशांचा.

आता बायकोबद्दल सांगतो. बायको दातांची डॉक्टर आहे. हात अत्यंत हलका, लोक लांबून येतात तिच्याकडे, आणि तिचं एक वाक्य आहे. मोठी सुई हातात धरून, पेशंटला दिसणार नाही अशी पाठीमागे धरून, अगदी मधासारख्या आवाजात म्हणते, "दुखणार नाही. थोडंसं जाणवेल." लोक या वाक्यावर विश्वास ठेवतात. मीही ठेवला होता, आमचं ठरलं तेव्हा. मी विचारलं होतं, माझी आई थोडी करारी आहे, वडील फारसे बोलत नाहीत, तुला जड जाईल का? तर म्हणाली, मला नाही जाणार. तुला थोडंसं जाणवेल.

एरवी मला ती अरे-तुरे करते. पण ज्या दिवशी ती म्हणते, "जरा इथे बसता का?", त्या दिवशी मी समजून जातो की आपण आता नवरा राहिलो नाही, पेशंट झालो. त्या रविवारी ती म्हणाली, "जरा बसता का?" मी बसलो. त्याच खुर्चीत, शेवटचा. म्हणाली, "माशांना जागा पुरत नाही."

ही खाऱ्या पाण्याची टाकी आधी तिच्या दवाखान्यात होती, बाहेर बसलेल्या पेशंटांचं मन रमावं म्हणून. पण पेशंट येऊन टाकीकडे असे टक लावून बसायचे की नंबर आला तरी उठायचे नाहीत. उलट आतून किंकाळी ऐकू आली की मासे दगडाआड जायचे आणि त्यांच्या पाठोपाठ पेशंट घरी जायचे. म्हणून टाकी घरी आली. छोटी होती, शू रॅकवर मावली एवढी, आत दगड, दगडांवर प्रवाळ, आणि मोजके रहिवासी. एक केशरी-पांढऱ्या पट्ट्यांचं जोडपं. त्यातली बायको मोठी, नवरा तिच्या निम्मा, आणि ती जवळ आली की तो थरथर कापतो. खरंच कापतो, बघितलंय मी. ज्याच्याकडून मासे आणले तो दुकानदार, ज्याला आम्ही प्रोफेसर म्हणतो कारण त्याला एक प्रश्न विचारला की तास होतो, तो म्हणाला, "कापणं हे त्यांच्यात आदराचं लक्षण आहे." मी इतकी वर्षं तेच करतोय, त्याला कुणी आदराचं म्हटलं नाही.

दुसरी रहिवासी एक कोळंबी. ती म्हणे माशांचे दात साफ करते. मासा तोंड वासून उभा राहतो आणि ही आत शिरून टोकरत बसते. बायको तिला सहकारी म्हणते. तासन् तास बघते आणि सुस्कारा टाकते, "बघ, हिचे पेशंट कसे हलत नाहीत."

आणि तिसरे मामंजी.

मामंजी म्हणजे मासाच. पुढून जांभळा, मागून पिवळा, बोटाएवढा. दगडाच्या बिळात छताला चिकटून उलटा राहतो आणि दिवसभर बाहेर येत नाही. फक्त जेवायच्या वेळी येतो, जेवतो, परत आत. पहिल्याच आठवड्यात बायको चारचौघांत म्हणाली, "अगदी मामंजींसारखा आहे." माझे वडील आतल्या खोलीत होते, तेही फक्त जेवायला बाहेर यायचे. मला वाटलं आता संपलं. तर आतून वडिलांचा हसण्याचा आवाज आला. मोठ्याने. माझे वडील हसल्याचं मला त्याच्याआधीचं काही आठवत नाही. तेव्हापासून तो मासा मामंजी.

वडील जाऊन आता काही वर्षं झाली. मामंजी आहेत. आणि आई संध्याकाळी त्यांना खायला घालताना टाकीशी वाकून, अगदी हळू आवाजात, दिवसभराचं गाऱ्हाणं सांगते. "अहो, ऐकलंत का, आज पुन्हा पाणी लवकर गेलं. अहो, ऐकलंत का, तुमचा मुलगा जाडा होत चाललाय." आम्ही दोघं तेव्हा टीव्हीचा आवाज वाढवतो. ऐकू येत नाही असं दाखवतो. कुणी कधी त्यावर बोललेलं नाही. पण बायकोला पहिल्यापासून एकच धास्ती, टाकीत बाकी काहीही होवो, मामंजींना काही होता कामा नये. म्हणजे बघा, सासऱ्यांच्या हयातीत त्यांचं ब्लडप्रेशर जेवढं मोजलं नसेल तेवढं हे पाणी तपासून होतं.

तर माशांना जागा पुरत नाही. प्रवाळ वाढून पाण्याच्या वर डोकं काढायला लागलेत, हे तिचं म्हणणं. म्हणजे मोठी टाकी. मोठी म्हणजे केवढी? प्रोफेसर घरी आला, पायांनी हॉल मोजला, फरशीवर टाच आपटून बघितली आणि म्हणाला, "खरं तर पाणी फार वजनदार असतं, साहेब. खाली तुळई पाहिजे. ती फक्त त्या कोपऱ्यात आहे." त्या कोपऱ्यात. अख्ख्या घरात तुळई एकाच ठिकाणी, माझ्या बुडाखाली. म्हटलं, ठीक आहे, खिडकी तरी राहील, माशांबरोबर मीही बाहेर बघेन. "खरं तर खिडकी बंद करावी लागेल. ऊन आलं की शेवाळ धरतं. माशांना ताण येतो." आणि खिडकीला काळा कागद लागला. मी म्हटलं, आणि माझा ताण? प्रोफेसरने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की बहुधा माझ्यासाठी त्याच्या दुकानात काही मिळत नसावं. बायकोने माझ्या खांद्यावर हात ठेवला. दुखणार नाही, म्हणाली. थोडंसं जाणवेल.

टाकी आली. लिफ्टमध्ये मावेना. आता विचार करा, मी लिफ्टच्या कंपनीतला माणूस, आमच्याच कंपनीची लिफ्ट, आणि माझीच टाकी आत जात नाही. उभी घालून बघितली, तिरकी घालून बघितली, दार बंद होईना. शेजारपाजारचे सगळे दारात. "तुमच्या लिफ्टमध्ये नाही मावत?" मी काय सांगू, घाबरू नका, माणूस निघालाय? शेवटी चार माणसांनी ती जिन्याने वर आणली, दर मजल्यावर खाली ठेवायची, घाम पुसायचा आणि त्यांच्यातला म्होरक्या मला म्हणायचा, "साहेब, या बिल्डिंगला एखादी मोठी लिफ्ट बसवून घ्या ना, ओळखीचं कुणी नाही का?"

मग पाणी. समुद्राचं पाणी म्हणजे नळाचं पाणी आणि वर मीठ, असं तुम्हाला वाटत असेल, मलाही वाटायचं. नाही. आधी नळाचं पाणी एका यंत्रातून थेंब थेंब गाळायचं, घरातली यच्चयावत भांडी त्याने भरायची, बादल्या, टब, आईचा पातेल्यांचा संच, आणि मग त्यात ते खास मीठ. ढवळण्याचं खातं माझ्याकडे. मी दिवसभर ऑफिसात धीर द्यायचा आणि घरी येऊन समुद्र ढवळायचा. दंड भरून आले. बायको येऊन एका दुर्बिणीसारख्या छोट्या नळीत पाण्याचा थेंब टाकायची, उजेडाकडे धरून बघायची आणि म्हणायची, "अजून थोडं." शेवटी एकदाची टाकी भरली, बायकोने नळीत बघितलं, म्हणाली, "बरोबर." मी ढवळणं थांबवलं. आणि आईने टाकीत बोट बुडवलं आणि चाटलं.

आता इथे आमच्या घराची राज्यघटना सांगितली पाहिजे. आमच्या घरात मीठ आईच्या जिभेवर ठरतं. काहीही शिजो, आई कडेला उभी राहून चाखते, क्षणभर छताकडे बघते, मान हलवते, मग ताटं घेतली जातात. आणि या बाईने जुन्या टाकीचं पाणीसुद्धा रोज चाखलेलं. मामंजींना बोटाने भरवायचं, बोट ओलं व्हायचं, ते जिभेला लावायचं, सवय. तर आईने छताकडे बघितलं. मान हलवली नाही. म्हणाली, "खारट झालंय."

"आई, समुद्राचं पाणी आहे ते," बायको म्हणाली, "खारटच असतं."

"मला समुद्र शिकवू नकोस. आपल्या घरच्या पाण्यापेक्षा खारट आहे."

बायकोने नळी पुढे केली. आत रेघ कशी बरोब्बर आकड्यावर आहे ते दाखवलं. आईने एक डोळा मिटून बघितलं, नळी परत दिली, आणि विचारलं, "हिला जीभ आहे का?"

"आई, बरोबर आहे ते. खरंच."

"बरं," आई म्हणाली.

तुम्हाला सांगतो, आई भांडली तर काही चिंता नाही, भांडण अर्ध्या तासात मिटतं. आई 'बरं' म्हणाली की घरातल्या लहानथोरांनी आपापल्या वस्तू सांभाळाव्यात. माझ्या हे लक्षात यायला हवं होतं. पण माझे दंड दुखत होते.

दुसऱ्या दिवशी स्थलांतर. सकाळी आम्ही दोघं खाली गेलो, प्रोफेसरच्या गाडीतून बादल्या आणि पंप आणायला. वर आलो आणि बायकोने केस बांधले, हातमोजे घातले, तोंडाला मास्क लावला. मी म्हटलं मास्क कशाला, तर म्हणाली सवय. प्रोफेसर मधे उभा राहून सूचना देत होता. "हळू. ताण नको. हळू." जोडप्यातल्या बायकोने जाळी बघितली आणि माझ्या बायकोच्या बोटाला कडकडून चावली. तिला धरायला निम्मी सकाळ गेली. नवरा मात्र ती बादलीत गेलेली बघताच आपण होऊन जाळीत येऊन बसला, थरथरत. कोळंबी बायकोच्या हातावर चढली आणि तिथल्या तिथे तिचा हातमोजा साफ करायला लागली. बायकोचे डोळे भरून आले, म्हणाली, बघ, शेवटपर्यंत काम सोडत नाही.

मग दगड. एकेक दगड उचलायचा, बादलीत हलवायचा, कुणी बिळात बसलंय का बघायचं, मग नव्या टाकीत ठेवायचा. पहिला झाला. मामंजी नाहीत. दुसरा झाला. त्यांचा राहता दगड, ज्याच्या छताला ते चिकटून असायचे, तो उचलताना बायकोने श्वास रोखला. हलवला. उलटा केला. सुलटा केला. एक शंख निघाला आणि रागारागाने चालायला लागला. मामंजी नाहीत.

"खरं तर ते दगडातच खोल गेले असणार," प्रोफेसर म्हणाला, आणि नव्या टाकीत बॅटरीचा झोत मारला. मारला आणि थांबला. "वा, मॅडम. हा तळाचा दगड फार सुरेख निवडलात. गुळगुळीत, पांढरा. कुठून आणलात?"

"कुठला तळाचा दगड?" बायको म्हणाली.

आम्ही तिघं वाकलो. तळाला, पांढऱ्या वाळूत, ओळीने मांडलेले, स्वच्छ, गोल. मला हुकूम झाला. बाही वर करून मी खांद्यापर्यंत हात घातला आणि एक वर काढला. बटाटा होता. सोललेला, मधोमध कापलेला बटाटा.

आता तुम्हाला माहीतच असेल, पातळ भाजीत मीठ जास्त पडलं की आत सोललेला बटाटा टाकतात, तो मीठ ओढून घेतो म्हणे. तीच गोष्ट. फक्त पातेलं जरा मोठं. प्रोफेसरने तो बटाटा हातात घेऊन बराच वेळ न्याहाळला. इतकी वर्षं समुद्र विकतोय तो, त्याच्या कुठल्याही पुस्तकात बटाट्याचा उल्लेख नसावा. मी मात्र हसलो. मोठ्याने हसलो, आणि हसता हसता बायकोकडे बघितलं, तर ती हसत नव्हती. ती जुन्या टाकीकडे बघत होती.

जुनी टाकी आता रिकामी होती. तळाला फक्त वाळू, आणि दगड काढताना ती ढवळली गेल्यामुळे उरलेलं पाणी काळं झालेलं, गटारासारखा वास यायला लागलेला. प्रोफेसर हळूच म्हणाला, "खरं तर वाळू अशी ढवळली गेली की विषारी वायू... आणि लाजाळू मासे असतात ना, ते जागा सोडत नाहीत, मग ते..." त्याने वाक्य पुरं केलं नाही. हा माणूस कधीही वाक्य अर्धं सोडत नाही. त्याने बटाटा माझ्या हातात दिला, पायांत चपला घातल्या आणि संध्याकाळी चक्कर मारतो म्हणून गेला.

बायकोने त्या काळ्या पाण्यात दोन्ही हात घातले. वाळू मुठीमुठीने चाळली. काही नाही. मग ती उठली, बाथरूममध्ये गेली आणि तिथल्या स्टुलावर बसली. मी मागोमाग गेलो तर मास्क लावूनच रडत होती. तुम्हाला सांगतो, मला कळेना काय करावं. जगाला सांगणारी ही, दुखणार नाही म्हणून, आता हिला कुणी सांगायचं? आणि माझ्या तोंडून काय निघावं? "घाबरू नकोस," मी म्हटलं, "माणूस निघालाय."

"कुठला माणूस?" ती म्हणाली.

"माहीत नाही."

"आईंना कोण सांगणार?" ती म्हणाली. "संध्याकाळी त्या येतील, वाकतील, ऐकलंत का म्हणतील, आणि तिथे कुणी नसेल. मीच केलं हे. मलाच जागा पुरत नव्हती. त्यांना पुरत होती, ते बिळात राहत होते."

आईला सांगायचं काम कुणाचं असणार? ढवळण्याचं खातं ज्याच्याकडे त्याचंच. पॅसेजमधून स्वयंपाकघरापर्यंत जायला मला एरवी क्षण लागत नाही, त्या दिवशी मी भिंतीवरचं कॅलेंडरसुद्धा वाचत गेलो. मनात वाक्यं जुळवत होतो. आई, असं बघ, त्यांचं वय झालं होतं. आई, ते शांतपणे गेले असणार. आणि मग लक्षात आलं की हीच वाक्यं मी तिला एकदा सांगितली आहेत, हॉस्पिटलच्या पॅसेजमध्ये, आणि तेव्हाही ती नुसती 'बरं' म्हणाली होती. तुम्हाला म्हणून सांगतो, मी पुन्हा कॅलेंडरापर्यंत मागे गेलो. एका बोटाएवढ्या माशापायी.

स्वयंपाकघराचं दार लोटलेलं. उघडलं. आई ओट्याशी उभी. समोर बिस्किटांची मोठी काचेची बरणी, तिच्यात पाणी, आणि आई एका वाटीने त्यातलं पाणी उचलून वरून धार धरून परत आत सोडतेय, चहा निववतात तसं, पण अगदी संथ. आणि बरणीत, काचेला नाक लावून, पुढून जांभळे, मागून पिवळे.

"आई," मी म्हटलं.

"हळू बोल, आत्ता कुठे स्थिरावलेत," आई म्हणाली. "हवा मिळायला हवी ना त्यांना. सकाळपासून ओततेय. हात भरून आला माझा."

"सकाळपासून?"

"तुम्ही दोघं खाली गेलात ना, तेव्हाच काढून आणलं. ओगराळ्यातून."

"ओगराळ्यातून? अगं, तो जाळीत येत नाही, तो कुणाला दिसतसुद्धा नाही. तू कसा धरलास?"

"धरायचं काय त्यात? हाक मारली, आले."

"काय हाक मारलीस?"

आईने माझ्याकडे बघितलं, मूर्खाकडे बघतात तसं. "काय मारणार? जन्मभर मारली तीच."

मी म्हटलं, आई, आम्ही मेलो तिकडे शोधून शोधून, ती रडतेय बाथरूममध्ये, सांगायचं नाहीस का? तर म्हणाली, "मला कुणी विचारलं? मीठ जास्त आहे म्हटलं तर मला नळी दाखवली. असू दे. बटाटे टाकलेत मी, मीठ उतरू दे. उतरलं की मीच सोडेन. तोवर यांना त्या पाण्यात घालणार नाही." पाण्याची धार धरता धरता ती थांबली. "डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं ना यांना. तेव्हा नाही झालं माझ्याच्यानं. अळणी ताट पुढे केलं की यांचं तोंड उतरायचं, आणि माझा हात सैल पडायचा. आता नाही पडू द्यायचा."

मागे चाहूल लागली. बायको दारात उभी होती. मास्क गळ्यात, डोळे लाल. तिने बरणी बघितली, आईला बघितलं. सगळं ऐकलं होतं तिने. मला वाटलं, आता ही नळी आणते. आता आकडा दाखवते. आता म्हणते की आई, बटाट्याने मीठ वगैरे काही उतरत नाही.

तिने एक चमचा उचलला, ती वळली आणि हॉलमध्ये गेली. मी दारातून बघतोय. कोपऱ्यात एक निळी बादली होती, जुन्या टाकीतलं पाणी ढवळलं जायच्या आधीच भरून ठेवलेली, चांगल्या स्वच्छ पाण्याची. बायकोने चमचा नव्या टाकीपाशी नेला, टाकीपाशी वाकली, आणि भरला मात्र निळ्या बादलीतून. मग आत आली. हात चमच्याखाली धरून, अगदी पेशंटला औषध द्यावं तशी. म्हणाली, "आई, बघता का जरा, उतरलंय का?"

आईने जीभ लावली. छताकडे बघितलं. मी तुम्हाला सांगतो, माझ्या नोकरीच्या मुलाखतीत मी एवढा ताटकळलो नव्हतो. आणि मग आईने मान हलवली.

"आता झालं घरचं," ती म्हणाली. "मघाशी केवढं खारट होतं."

"बटाट्याने ओढलं," बायको म्हणाली. जराही न चाचरता.

"सोडू मग? त्यांना त्रास होईल का गं?"

बायकोने आईच्या खांद्यावर हात ठेवला. त्याच आवाजात म्हणाली, "दुखणार नाही, आई. थोडंसं जाणवेल."

इतकी वर्षं हे वाक्य ऐकून माझे कान किटले होते. त्या दिवशी पहिल्यांदा मला कळलं की ही बाई ते कशासाठी म्हणते.

पण हळवं व्हायचं कारण नाही, अजून संपलेलं नाही. मामंजी बरणीसकट मिरवत हॉलमध्ये आले, टाकीत सोडले, थेट आपल्या दगडात शिरले आणि छताला चिकटले. बटाटे मी काढले. म्हणजे काढायला गेलो, तर तोवर बादलीतून टाकीत सोडलेल्या जोडप्यातल्या बायकोने त्यातल्या एका बटाट्यावर संसार थाटला होता. आजूबाजूला एवढे महागामोलाचे प्रवाळ, पण हिला बटाटा आवडला. मी हात घातला, मला चावली. संध्याकाळी प्रोफेसर आला, सगळं सुखरूप बघितलं, बटाट्यावर कापत उभा असलेला नवराही बघितला, आणि पहिल्यांदाच 'खरं तर'ने सुरुवात न करता नुसता बसला. शेवटी जोडपं झोपल्यावर बायकोने चिमट्याने तो बटाटा काढला. दातच काढावा तसा, मुळापासून.

आणि आता त्या एवढ्या मोठ्या टाकीत, ज्यात मी पाय पसरून झोपू शकेन, हे सगळे राहतात कुठे? एका टोकाला. जुनी टाकी जेवढी होती तेवढ्याच जागेत. मामंजी बिळात, जोडपं त्याच्याशेजारी, कोळंबी दारात. उरलेला समुद्र मोकळा. माशांना जागा पुरत नव्हती म्हणे.

खुर्चीचं सांगायचं राहिलं. खुर्ची पुन्हा हॉलमध्ये आली आहे, टाकीसमोर. तिच्यात आई बसते. वाकावं लागत नाही, पाठ दुखत नाही, त्यामुळे गाऱ्हाणी आता दुपारपासून सुरू होतात. "अहो, ऐकलंत का, घर मोठं मिळालं हो एकदाचं. तुमचा मुलगा मात्र खुर्ची गेली म्हणून तोंड पाडून हिंडतोय." मामंजी बाहेर येऊन ऐकतात. पूर्ण बाहेर येऊन. वडिलांनी आयुष्यात एवढं ऐकून घेतलं नसेल. मी आता संध्याकाळी स्टूल शोधत फिरतो. स्टूल बहुधा बाथरूममध्ये असतं.

म्हटलं, जुनी टाकी तरी जाईल आता, शू रॅकवर बसता येईल. तर बायको म्हणाली, "जरा बसता का?" मी उभाच राहिलो, बसायला काही नव्हतंच. म्हणाली, नवी टाकी किती रिकामी वाटते नाही, अजून थोडे मासे आणू. आणि नवीन मासे आणले की त्यांना आधी काही आठवडे वेगळं ठेवावं लागतं, रोगबिग असेल म्हणून. मग जुनी टाकी लागणारच. ती कुठे ठेवायची? शांत जागा हवी, अंधार हवा, येजा नको. आमच्या बेडरूममध्ये, पलंगाच्या माझ्या बाजूला. पंप रात्रभर माझ्या उशाशी बुडबुडतो.

तर हिशेब असा आहे, की अख्ख्या घरात रिकामी जागा आता एकच उरलीय, त्या मोठ्या टाकीच्या दुसऱ्या टोकाला, आणि मी वितीने मोजून बघितलंय, तिथे एक खुर्ची बरोब्बर मावते. काल बायकोला विचारलं, मी गेलो तर चालेल का आत? तिने नळी उजेडाकडे धरून थेंब बघितला, रेघ बरोबर असल्याची खात्री केली, आणि म्हणाली, चालेल की. दुखणार नाही. थोडंसं जाणवेल.